गृहपाठाचे पैसे वेगळे: बडोदेकरांचे अनुभव

बडोद्याच्या मराठी घरांतून मुलं अमेरिकेला शिकायला जातात, तेव्हा फी, विमान, घरभाडं, विमा असा सगळा हिशेब आपण आधी मांडतो. त्या हिशेबात न धरलेला एक खर्च पहिल्याच आठवड्यात समोर येतो, तो म्हणजे ॲक्सेस कोड. तिथे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अकाउंटिंग अशा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विषयांचा गृहपाठ पुष्कळ कॉलेजांत खाजगी प्रकाशकाच्या साइटवर सोडवावा लागतो. साइट उघडायला कोड लागतो, आणि तो विद्यार्थ्याने विकत घ्यायचा. एका विषयाला साधारण शंभर डॉलर धरा. गृहपाठाला पंधरा-वीस टक्के गुण असतात, म्हणजे कोड घेतला नाही तर तेवढे गुण पेपर लिहिण्याआधीच गेले.

माझ्या भाचीला पहिल्याच सत्रात अशा तीन विषयांचे कोड घ्यावे लागले. प्रवेशपत्रात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. शिकवण्याची फी घेतल्यावर गृहपाठ जमा करायचे पैसे वेगळे मागणं मला अन्यायाचं वाटतं, आणि मागायचेच असतील तर आधी सांगा, एवढी तरी अपेक्षा आहे. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. इथल्या कॉलेजांचे अनुभवही चालतील. कॉलेजची आणि कंपन्यांची नावं मात्र नकोत.

मांजलपूर, मुलगी अमेरिकेत बी.एस.ला

आमच्या मुलीने तिथल्या सीनियरकडून गणिताचं जुनं पुस्तक स्वस्तात घेतलं. आपल्याकडे तर असंच चालतं ना, खारीवाव रोडच्या आमच्या घरात तिन्ही भावंडं एकाच पुस्तकावर शिकली. वर्गात गेल्यावर कळलं की पुस्तक असून उपयोग नाही. आतल्या कार्डावरची चंदेरी पट्टी रिचार्ज कार्डासारखी खरवडलेली होती आणि कोड एकदाच चालतो. तो पहिल्या मालकाच्या नावावर लागलेला. नुसता कोड नव्याने घ्यायचा तर पुस्तकासकट घेण्यापेक्षा फार स्वस्त नव्हता.

तिचं तिथलं बँक खातं अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून यांच्या कार्डाने पैसे भरायला बसलो तर व्यवहार होईना. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते आपण सुरू करून घ्यावे लागतात, हे तेव्हा समजलं. इकडे रात्र, बँकेचा फोन लागत नाही, तिकडे पहिला गृहपाठ त्याच दिवशी रात्री ११:५९ ला बंद होणार. पोरगी फोनवर रडकुंडीला आली. शेवटी वर्गातल्या मुलीने सांगितलं की साइटवर कोडशिवाय काम करायला चौदा दिवसांची तात्पुरती मुदत मिळते, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यावर वेळ निभावली. पुढे कार्डाने भरले, तेव्हा बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागला. कर्जाचा हप्ता कॉलेजच्या खात्यात थेट जातो, त्यामुळे हे पैसे घरखर्चातूनच निघाले.

कारेलीबाग

मुलगा अमेरिकेत एम.एस.ला, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाला आहे. त्याला एकदाही कोड लागला नाही. वरच्या वर्गात प्राध्यापक स्वतः प्रश्न काढतात आणि पीडीएफ देतात. म्हणजे ज्यांची मुलं बारावीनंतर लगेच जाताहेत त्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं.

फतेगंज, सध्या अमेरिकेत टीचिंग असिस्टंट

मी एम.एस. युनिव्हर्सिटीतून बी.एस्सी. केलं, आता इथे पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवायला मदत करतो. आतून काय दिसतं ते लिहितो.

एका वर्गात तीनशे मुलं, तपासायला आम्ही मोजके. साइट प्रत्येक मुलाला त्याच प्रश्नात वेगळे आकडे देते, म्हणून नक्कल करता येत नाही. उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळतं, गुण आपोआप नोंदले जातात. शिक्षकाचे आठवड्याचे कितीतरी तास वाचतात, हे खोटं नाही. पण साइट निवडतो शिक्षक, त्याला ती फुकट मिळते, आणि पैसे भरतो विद्यार्थी. निवडणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही, त्यामुळे किंमत विचारायचं त्याच्या मनातच येत नाही. मी आमच्या प्राध्यापकांना आकडा सांगितला तेव्हा त्यांना खरंच माहीत नव्हता. वाईट माणूस नाही तो.

पर्याय नाहीत असंही नाही. रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात गणिताच्या प्राध्यापकांनी वेबवर्क नावाची प्रणाली बनवली. ती मुक्त आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येते, आणि अनेक विद्यापीठं ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. मायओपनमॅथही विद्यार्थ्यांना फुकट आहे. आकडे बदलणं, लगेच तपासणं, हे सगळं त्यांतही होतं. मग पैशाचं कुलूप कशासाठी?

शियाबाग, निवृत्त प्राध्यापक

फतेगंजच्या भावाने शिक्षकाची बाजू सांगितली ते बरं झालं. मी वर्षानुवर्षं वह्या तपासल्या. साठ वह्या घरी आणल्या की रविवार त्यातच जायचा, आणि वही परत मिळेपर्यंत मुलगा पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. चूक त्याच क्षणी कळणं ही मोठी गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण वहीत मला त्याची पायरी दिसायची. तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं, बाकी रीत बरोबर, तर मी चारपैकी तीन गुण द्यायचो. यंत्र बहुधा शेवटचं उत्तरच बघतं.

अलकापुरी, स्वतः विद्यार्थिनी, सुट्टीत घरी आले आहे

सरांनी लिहिलेलं अगदी खरं आहे. भौतिकशास्त्राच्या गृहपाठात मी ४.९ लिहिलं, यंत्राला ४.९० हवं होतं. एक संधी गेली. पुढे एकक लिहायला विसरले, आणखी एक. प्रत्येक प्रश्नाला पाच संधी, आणि त्यातल्या दोन मला विषय समजलेला असतानाही अशाच गेल्या.

पैशांचं सांगते. आमच्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. मी मेसमध्ये ताटं लावते, तासाला बारा डॉलर मिळतात. म्हणजे शंभर डॉलरच्या एका कोडसाठी आठ-नऊ तास उभं राहायचं. एवढं करून सत्र संपलं की तो प्रवेश बंद होतो. रसायनशास्त्राच्या पहिल्या भागात सोडवलेले प्रश्न दुसऱ्या भागाच्या वेळी चाळायचे होते, पण उघडता आले नाहीत. पुस्तक विकत घेतलं की ते आपलं होतं. इथे पैसे पूर्ण देऊनही हातात काही राहत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. माझी रूममेट त्या विषयात नापास झाली. तिला पुन्हा बसताना नवा कोड घ्यावा लागला.

वाघोडिया रोड, मुलगा इथेच इंजिनिअरिंगला

हे लोण इकडेही आलंय. मुलाच्या कॉलेजने कोडिंगच्या सरावासाठी एक साइट ठरवून दिली आहे. दर सत्राला तिचे वेगळे पैसे, आणि इंटर्नलचे गुण तिच्यावर. पावती कॉलेजची मिळत नाही, कंपनीची मिळते. शिष्यवृत्तीच्या कागदात ती दाखवताही येत नाही.

त्याच मुलाने एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या सरकारी ऑनलाइन उपक्रमाचा, कोर्स केला. तिथे नाव नोंदवणं, व्हिडिओ, दर आठवड्याचा गृहपाठ, सगळं फुकट. बारा आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यात चांगले आठ गृहपाठ धरतात, त्यांना २५ टक्के वजन. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे हजार रुपये भरायचे. गृहपाठ ही शिकण्याची पायरी आहे, तिथे पैसे घ्यायचे नाहीत, असा हा हिशेब मला पटतो. आपल्या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे जमतं, तर कॉलेजने साइट ठरवताना त्याचा विचार का करू नये?

दांडिया बाजार

मी शिक्षणक्षेत्रातला नाही, पण मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचा जुना वाचक आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि त्याबरोबर मोफतही केलं. सक्ती केली तर खर्च राज्याने उचलायचा, असा तो न्याय होता. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला खास अमेरिकेतून बडोद्याला आणलं आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवायची व्यवस्था बसवली. जे सक्तीचं आहे त्याचे पैसे विद्यार्थ्याकडून वेगळे घेऊ नयेत, हे बडोदेकराला तरी समजावून सांगावं लागू नये.

गोत्री, मुलगा तिसऱ्या वर्षाला, तिथेच

आम्ही दोन वर्षांत शिकलो ते लिहिते. अमेरिकेच्या २००८ च्या उच्चशिक्षण कायद्याप्रमाणे कॉलेजने नोंदणीच्या वेळीच प्रत्येक विषयाच्या सक्तीच्या साहित्याची किंमत शक्य तितकी जाहीर करायची असते. वेळापत्रकात विषयासमोर बुकस्टोअरची लिंक असते, ती उघडून बघायला सांगा. एकाच विषयाचे दोन-तीन प्राध्यापक असले तर एकाचा कोड लागतो, दुसऱ्याचा नाही, असं होतं. माझ्या मुलाने स्टॅटिस्टिक्स ओपनस्टॅक्सच्या मोफत पुस्तकावर शिकवणाऱ्या बाईंकडे घेतलं, एक डॉलर लागला नाही. ह्युस्टनच्या राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे, २०१२ पासून पुस्तकं देतात.

काही ठिकाणी कोडचे पैसे फीच्या बिलातच लावतात. त्यातून बाहेर पडायची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच असते, पण गृहपाठ त्याच साइटवर असेल तर बाहेर पडून फायदा नाही, आधी प्राध्यापकांना विचारावं. दोन सत्रं चालणारा विषय असेल तर दोन्हींना चालेल असा लांब मुदतीचा कोड घ्यावा, तो दोन वेगळ्या कोडांपेक्षा स्वस्त पडतो. आणि मांजलपूरच्या ताईंनी म्हटलेली चौदा दिवसांची मुदत पहिल्याच दिवशी सुरू करावी, म्हणजे विषय सोडला तर पैसे अडकत नाहीत.

मांजलपूर, पुन्हा

गोत्रीच्या ताई, ती बुकस्टोअरची लिंक मुलीला आत्ताच पाठवली. पुढच्या सत्राची नोंदणी याच आठवड्यात आहे, आणि तिच्या लिनियर अल्जेब्राच्या दोन प्राध्यापकांपैकी एकांच्या नावासमोर सक्तीचं साहित्य काहीच नाही असं दिसतंय. त्यांना तिने ईमेल लिहिलाय.