जहाजाने जपान : काय बांधायचं, काय गाळायचं (अनुभव धागा)

मंडळी, जपान सरकारचा १९८८ पासूनचा जागतिक युवक जहाजाचा कार्यक्रम असो की पीस बोट संस्थेच्या १९८३ पासूनच्या जहाजफेऱ्या असोत, बडोद्यातून पोरं निघाली की घरात चर्चा होते ती पासपोर्टची आणि स्वेटरची. बाकीचं, म्हणजे जहाजावर सादर करायचा नाच, वाद्यं, खाणं, औषधं, जहाज सुटल्यावर आठवतं. माहीतगारांनी लिहा, पण 'फार मजा आली' नको. वस्तू, माप, पद्धत आणि काय बिघडतं तेवढंच.

रावपुरेकर

लेझीम हातसामानात ठेवू नका, साखळी आणि चकत्या बघून विमानतळावर अडवतात. साखळी दांड्याला गुंडाळून वर पंचा बांधा आणि मोठ्या बॅगेत टाका. खाऱ्या हवेत लोखंडाला चटकन गंज चढतो, चकत्या चिकटतात आणि आवाज बद्द होतो. म्हणून रोज खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, जास्तीचं पुसून काढायचं, नाहीतर मुठीतून दांडा निसटतो. दहांमागे एक लेझीम जादा, शिवाय पक्कड आणि बारीक तार. कडी उघडली की तेवढ्यावर भागतं.

बसवलेला नाच जहाजावर जसाच्या तसा होत नाही. जमीन डावी-उजवीकडे कलते, तेव्हा एका पायावरचे आणि गिरकीचे हात काढून टाका, पाय फाकवून बैठे पवित्रे ठेवा. मनोरा तर अजिबात नको. सराव घरीच करायचा तर गादीवर करून घ्या, कोणाचा तोल जातो ते लगेच दिसतं.

सूरसागर

ढोलकीबद्दल. केबिनमधल्या एसीची हवा कोरडी असते, पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ताणली जाते आणि स्वर चढतो. डेकवर दमट हवेत तीच उतरते. केबिनमध्ये लावून डेकवर नेली की पहिल्याच तोड्याला बेसूर. ढोलकी तासभर आधी वाजवायच्या जागी नेऊन ठेवा आणि तिथेच लावा. नट-बोल्टची असेल तर पाना विसरू नका, जहाजावर त्याच मापाचा मिळेलच असं नाही. कार्यक्रम झाला की ताण सैल करा.

नऊवारी शिवलेलीच न्या. नऊ वार नेसवायला कपडे बदलायच्या चिंचोळ्या जागेत कोपर हलत नाही, आणि जहाज हलत असताना पिना टोचतात त्या निराळ्या. केबिनमध्ये इस्त्री, किटली सहसा चालत नाही, आगीची भीती असते. जपानमध्ये उतरल्यावर आपल्या इस्त्रीचा उपयोगही नाही. तिथे वीज १०० व्होल्टची, आपली इस्त्री २३० ची, पाचव्या हिश्श्याइतकीही तापत नाही. मोबाइलचा चार्जर मात्र चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.

मांडवीची आई

आमची लेक कांदा-लसूण खाते, मांस-मासे नाही. मी डब्यात लीलो चिवडा द्यायचा म्हणतेय. चालेल ना?

दांडियाबाजार

काकू, लीलो चिवडा नको. तो ओलसर असतो, बंद डब्यात लवकर बिघडतो. भाकरवडी, खाखरा, कोरडा चिवडा द्या, तेही छोट्या सीलबंद पुड्यांत. मोठा डबा एकदा उघडला की दमट हवेत सगळंच मऊ. मांसाचे पदार्थ, आंबा, ताजा कढीपत्ता नकोच. जपानच्या विमानतळावर किंवा बंदरावर काढून घेतात.

खरी अडचण ताटात दिसत नाही. मिसो सूप, सोबा शेवयांची आमटी, अंड्याचं ऑम्लेटसुद्धा, या सगळ्यात बहुधा 'दाशी', म्हणजे उकळून काढलेला पातळ अर्क, असते आणि ती सुकवलेल्या बोनिटो (कात्सुओ) माशाची. 'मांस नाही ना?' विचारलं तर वाढणारा खरेपणाने 'नाही' म्हणतो. म्हणून 'कात्सुओ-दाशी आहे का?' असं नेमकं विचारायला शिकवा. समुद्री शेवाळाची 'कोम्बु-दाशी' चालेल. पिवळ्या करीच्या तयार वड्यांत अनेकदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, रंगावर जाऊ नका. भाताच्या गोळ्यांत उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, त्यातल्या त्यात सोयीचा, तरी पाकिटावरचे घटक कोणाकडून तरी वाचून घ्या. चार शब्द वहीत लिहून द्या: निकु म्हणजे मांस, साकाना मासा, बुता डुक्कर, ग्यू गाय.

अलकापुरी

मळमळ. हिवाळ्यात दक्षिण चीन समुद्रावर ईशान्येचे वारे असतात आणि जपानकडे जाताना जहाज लाटांना समोरून भिडतं. नाक वर-खाली होतं, म्हणून पुढच्या केबिनमध्ये त्रास सर्वात जास्त. निवडता आली तर मधली आणि खालची केबिन घ्या. गोळी डॉक्टरला विचारून, पण त्रासाच्या आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोट रिकामं ठेवू नका. वाचन बंद, नजर क्षितिजावर.

औषधांच्या पाकिटावर घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी जपानमध्ये नेता येत नाही, कोडीनवालं खोकल्याचं औषधही अडचणीचं. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं महिनाभराची असतील तर ठीक, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते.

रावपुरेकर

बडोद्यावर बोलायला सांगितलं तर पोरं राजवाड्याचे फोटो काढून बसतात. त्यापेक्षा कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातली, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं दाखवा. बोस १९२४ मध्ये टागोरांबरोबर जपानला गेले होते, तिथल्या श्रोत्यांना ओळखीचा धागा सापडतो. पाच मिनिटांत सहा चित्रं पुष्कळ झाली. फोटो पेन ड्राइव्हवरही ठेवा, भर समुद्रात नेटवर भरवसा नको.

सूरसागर

फोन एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं की समुद्री रोमिंगचं बिल लागतं, फोन खिशात पडून असला तरी. घड्याळ मात्र स्वतः पुढे करत राहा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, हे तास जहाज वाटेत टप्प्याटप्प्याने, बहुधा रात्री, वाढवत नेतं. ती सूचना कानाआड केली तर सकाळची तालीम निघून जाते.