मदत हवी आहे: शोकुपानच्या बाजू आत बसतात

शोकुपान म्हणजे जपानी मिल्क ब्रेड. माझं प्रमाण: २० ग्रॅम मैदा १०० ग्रॅम दुधात ६५ अंशांपर्यंत ढवळत शिजवलेली खळ. गार झाल्यावर त्यात २८० ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम दूध, ३० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. ३० ग्रॅम लोणी सगळ्यात शेवटी. पीठ ताणलं की पातळ पडदा धरतं, फुगतंही सुरेख. ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर ३५ मिनिटं भाजून लगेच साच्यातून काढते, आपटतेही. तरी गार होताना दोन्ही बाजू आत जातात आणि तळाशी बोटभर ओलसर, चिकट पट्टा राहतो. वरचा रंग मात्र अगदी हवा तसा!

साध्या मैद्यात प्रथिनं कमी, म्हणून ग्लुटेन पावडर (गव्हातल्या प्रथिनांची पूड) घालावी का? किती? की साचा खालच्या जाळीवर ठेवून, वर फॉइल टाकून आणखी भाजू? दूध कमी करायचं नाही, मऊपणा त्याचाच आहे.