चौथी-पाचवीला नकाशावाचन कसं शिकवावं? सल्ला हवाय

खडूवाली:
नमस्कार मंडळी, झेडपीच्या शाळेत चौथी-पाचवी एकत्र आहे माझ्याकडे. पोरं महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशात ३६ जिल्हे धडाधड भरतात, पण वर्गात उभं करून उत्तर कुठे विचारलं की बोट थेट छताकडे! नकाशा कायम भिंतीवर टांगलेला, त्यामुळे उत्तर म्हणजे वर हे पक्कं बसलंय. दिशा, प्रमाण, चिन्हं हे सगळं हाताने करून घेता येईल असं काही सुचवा, खर्च शून्य धरून.

भटक्या:
पहिलं काम म्हणजे नकाशा भिंतीवरून काढा आणि जमिनीवर अंथरा, उत्तर उत्तरेकडे करून. पोरांना भोवती बसवा, निम्मी पोरं उलट्या बाजूने बघतील आणि कुरकुरतील, कुरकुरू द्या.
उत्तर शोधायला मैदानात काठी रोवा, सावलीच्या टोकाला खडा ठेवा, वीसेक मिनिटांनी परत एक खडा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा, रेघ जोडली की झालं. 'सूर्य उगवतो ती पूर्व' एवढ्यावर थांबू नका, डिसेंबरात तो चांगलाच आग्नेयेकडे सरकलेला असतो, बरोब्बर पूर्वेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास.

चौकटीची वही:
+१. प्रमाणासाठी वर्गाचाच नकाशा करा. मीटरपट्टीने भिंती मोजायच्या आणि चौकटीच्या वहीत १ मीटरला १ सेंमी. आमच्याकडे पोरांनी बाकं एवढी मोठी काढली की मास्तरांच्या टेबलाला जागाच उरली नाही, मग त्यांचं त्यांनाच कळलं की बाकालाही तेच माप लावायचं असतं. हे सांगून नाही कळत हो.

शहरी_आई:
एवढी खटपट कशाला? गुगल मॅप दाखवा की, आजकाल सगळ्यांच्या घरी मोबाइल असतो.

भटक्या:
ताई, मोबाइल शेवटी दाखवा. रस्ता दाखवताना तो नकाशा आपल्या तोंडाच्या दिशेने स्वतःच फिरवतो, म्हणजे जे पोरांनी डोक्यात करायचं तेच तो करून टाकतो. आधी गावाचा नकाशा हाताने काढू दे, देऊळ, पाणंद, ओढा, पाण्याची टाकी, आणि मग उपग्रह चित्राशी ताडून बघू दे. इस्रोच्या भुवन या वेबसाइटवर दिसतं.

देहूकर:
सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट वापरा, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते दाखवणारा सविस्तर नकाशा, वेबसाइटवरून पीडीएफ मिळते. १:५०,००० ची घ्या, त्यात २ सेंमी म्हणजे १ किमी. सगळी शीट एकदम दिली तर पोरं गांगरतात, आपल्या गावाभोवतीचा वहीच्या पानाएवढा तुकडाच छापा. देशावरच्या गावांत एक गंमत होते, बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडा ओढा काळ्या रेघेत असतो, पोरं विचारतात आमचा ओढा काळा का, तिथून पुढचा तास आपोआप रंगतो. वळणावळणाच्या रस्त्याचं अंतर दोरा लावून मोजायला द्या.

खडूवाली:
वा, दोऱ्याचं लगेच करते. पण टोपोशीटवरच्या त्या तपकिरी समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या? पाचवीला झेपतील का, की राहू द्यावं?

किल्लेदार:
झेपतात, दिवाळीच्या किल्ल्यावर घ्या! शाडूचा छोटा डोंगर करून थोडा सुकवा आणि टबात ठेवा. बाजूला पट्टी उभी करून २ सेंमी पाणी ओता, पाणी जिथे टेकलं तिथे खिळ्याने रेघ ओढा, परत २ सेंमी, परत रेघ. पाणी काढून टाका आणि बरोब्बर वरून बघून रेघा कागदावर उतरवा. कड्याच्या बाजूला रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि माचीकडे ऐसपैस लांब, हे पोरं स्वतःच ओरडून सांगतात. मग टोपोशीटवर विचारा, गडावर कुठून चढाल? आमच्या वर्गातली निम्मी पोरं तरीही कड्याकडूनच चढायला निघाली, मावळेच ते! शाडू नसेल तर अर्धा बटाटा उपडा ठेवून आडव्या चकत्या कापा आणि एकेक गिरवा.

खडूवाली:
भारी! शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा काठीने सुरुवात करते. आभाळ आलं तर काय पण?

भटक्या:
मग होकायंत्र. फक्त लोखंडी बाकावर ठेवू नका, सुई भलतीकडेच वळते. आणि ऊन मिळालंच तर दुपारची सावलीही बघा, पुण्याकडे सूर्य साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो, बाराला नाही. बाकी वर्षभर ही सावली उत्तरेला पडते, पण साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दक्षिणेला, त्यामुळे हा प्रयोग दिवाळीनंतरच घ्या.