सहा टाक्यांचे व्हेंट एकाच पाइपात? माझा विरोध आहे

टाकीवाला
कोकणातल्या एका एमआयडीसीत सॉल्व्हंटच्या (पटकन पेटणाऱ्या विद्रावकांच्या) टाक्या सांभाळतो. दोन टोल्यूइनच्या, दोन मिथेनॉलच्या, एक ॲसिटोनची, एक हेक्झेनची. प्रत्येकीच्या डोक्यावर वाफेची वाट, म्हणजे व्हेंट. त्यावर ब्रीदर व्हॉल्व्ह (टाकीला श्वास घेऊ-सोडू देणारी झडप) आणि फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्वाळा आत जाऊ न देणारी जाळी). वाफ थेट हवेत जाते. शेजारच्या वाडीतून वासाची तक्रार आली आणि वरून टूम निघाली: सहाही व्हेंट एका हेडरला (सामाईक पाइपाला) जोडा, हेडर कार्बनच्या ड्रमात (वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या पिंपात) सोडा, वास बंद!

माझं म्हणणं, हे वासाच्या भीतीने आग घरात घेणं आहे. ३० अंशांना मिथेनॉलच्या टाकीतल्या मोकळ्या जागेत साधारण २१ टक्के वाफ असते. ती पेटायला हवेत ६ ते ३६ टक्के लागते. टोल्यूइनची ५ टक्क्यांच्या आसपास, पेटते १.१ ते ७.१ मध्ये. म्हणजे दोन्ही टाक्या बारा महिने ठिणगीची वाट बघत बसलेल्या. हेक्झेनच्या टाकीत उलट वाफ इतकी दाट की आत पेटायला हवाच पुरत नाही, पण हेडरमध्ये दुसऱ्या टाक्यांची हवा मिसळली की तीही टप्प्यात येते. आज एक पेटली तर एकच जाईल. हेडर टाकलात की सहाही एका माळेत.

"अरेस्टर आहे ना" असं म्हणणाऱ्यांसाठी: १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणीतल्या दिव्याभोवती जाळी बसवली, अरेस्टर त्याच तत्त्वावर चालतो. ज्वाळेची उष्णता धातू शोषून घेतो आणि ती विझते. पण पाइपाच्या टोकाला बसवायचा अरेस्टर लांब पाइपाच्या मध्ये घातला तर काही खरं नाही. पाइपातून धावताना ज्वाळा वेग घेते आणि जाळी ओलांडून जाते.

वाडीतला
तुमचं गणित बरोबर असेल, मी वाणिज्य शाखेचा. पण "थेट हवेत" म्हणजे नेमकं कुठे ते सांगा ना. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती आभाळात जात नाही, वहाळाच्या कडेने आमच्या पडवीत येते. रात्री वारा पडला की माझी आई दारं लावून झोपते, मे महिन्यात! तुमच्या टाकीजवळ मोबाइल नेला तर तुम्ही माणसाला गेटबाहेर काढता, आणि आमच्याकडे न्हाणीघराची चूल चालते. माझ्या बाजूने हेडरला +१.

जुना प्रोसेसवाला
टाकीवाले, अर्धं सहमत. हेडर वाईट नाही, स्वस्तातला हेडर वाईट. आधी टाक्यांवर नायट्रोजनचं ब्लँकेट द्या, मालावरची मोकळी जागा नायट्रोजनने भरून ठेवा, म्हणजे आत ऑक्सिजनच राहणार नाही आणि तुमचे ते टक्के निकालात निघतील. मग प्रत्येक फांदीवर डिटोनेशन अरेस्टर (पाइपात वेग घेतलेली ज्वाळाही अडवणारा), हेडरवर ऑक्सिजन मीटर. ॲसिटोन मात्र कार्बनच्या ड्रमात अजिबात नको. ॲसिटोनसारखे कीटोन कार्बनला चिकटले की तापतात. ड्रम आतून धुमसताना मी पाहिलाय, बाहेरचा रंग पापडासारखा फुगला होता.

टाकीवाला
काका, मालकाने मंजूर केलंय ते पीव्हीसीचा पाइप आणि दोन ड्रम. प्लास्टिकच्या पाइपात स्थिर वीज साठते, हे सांगून माझा घसा बसला. तुमची यादी ऐकली तर मला चहासुद्धा मिळणार नाही. आणि नायट्रोजनला वास नाही. टाकी साफ करायला उतरलेला माणूस दुसऱ्या श्वासाला कोसळतो, त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. छोट्या युनिटात ठेकेदाराची माणसं रोज बदलतात. तिथे हे सांभाळणार कोण?

पत्रा पिचकला
जरा अवांतर. आमच्याकडे (कंपनीचं नाव विचारू नका) रंगकाम करणाऱ्यांनी व्हेंटमध्ये रंग उडू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि ती तशीच राहिली. जूनच्या पहिल्या सरीने तापलेलं छप्पर एकदम गार झालं. आतली वाफ आकसली, पण टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. कॅन चिरडावा तशी वरची कड आत गेली. आतल्या-बाहेरच्या दाबात पाण्याच्या २५ मिलिमीटरइतका फरक म्हणजे ऐकायला काहीच नाही. १० मीटर व्यासाच्या छपरावर तेच दोन टन होतात. हेडरमध्ये पाणी साचलं किंवा ड्रम तुंबला की सहा टाक्यांना सहा पिशव्या बांधल्यासारखंच.

शंकासुर
सगळे पाइपाबद्दल बोलताय, म्हणून आठवण करून देतो. भोपाळला सगळं होतं. १९८४ च्या त्या डिसेंबरात टाकीपुढे वायू धुऊन काढणारा स्क्रबर होता, वायू जाळायला फ्लेअर टॉवर होता. टॉवरकडे जाणाऱ्या पाइपाचा तुकडा काढून ठेवलेला, शीतकरण बंद. पाइपाच्या टोकाला काय लावलंय यावर भरवसा ठेवू नका.

जुना प्रोसेसवाला
ही देखभालीची बोंब झाली, उघड्या व्हेंटची वकिली नव्हे. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी स्टायरीनची टाकी तापली, वाफ टाकीच्याच व्हेंटवाटे थेट हवेत गेली. टाकी फुटली नाही. गावात १२ माणसं गेली. "थेट हवेत" याला सुरक्षित म्हणायचं की नाही, ते टाकीवाल्यांनीच सांगावं.

टाकीवाला
नाही म्हणायचं. तो मुद्दा मान्य.

वाडीतले, एक विचारतो, राग मानू नका. वास दिवसा येतो की रात्रीच? टाकी दुपारी तापून वाफ सोडते, रात्री गार होऊन उलट बाहेरची हवा आत ओढते. रात्री वास येत असेल तर तो टाकीच्या नेहमीच्या श्वासाचा नाही.

वाडीतला
रात्रीच. आईने कॅलेंडरवर खुणा केल्यात, दुधाच्या हिशोबाशेजारी. मंगळवार आणि शुक्रवार, साडेनऊ-दहानंतर.

टाकीवाला
मंगळवार-शुक्रवारी आमचा टोल्यूइनचा टँकर रिकामा होतो. उन्हात नको, म्हणून रात्रीची वेळ मीच ठरवून घेतली होती. टाकीत तासाला २५ घनमीटर माल गेला की तेवढीच वाफ वरून बाहेर पडते, आणि रात्री तुमच्या वहाळात वारा नसतो.

यावर उपाय आहे. वाफेचा दुसरा होज टाकीतून परत टँकरला जोडायचा. माल टाकीत, वाफ टँकरमध्ये, बाहेर फारसं काही नाही. हेडर नको, ड्रम नको.

जुना प्रोसेसवाला
होज म्हणजेसुद्धा पाइपच की हो!

टाकीवाला
पाइपच, पण एक टाकी आणि एक टँकर, सहा नाहीत. तुमचा तो डिटोनेशन अरेस्टर एकच लागेल, एकाचे पैसे मी मागू शकतो. टँकरवाल्याकडे वाफेच्या लाइनचं कपलिंग आहे का ते उद्या बघतो.

वाडीतला
या शुक्रवारी लावताय का? आईला सांगतो, खूण करायची की नाही ते.

टाकीवाला
या शुक्रवारी नाही होणार. शुक्रवारचा टँकर सकाळी आठला घेतो, ऊन चढायच्या आत. तरी कॅलेंडर चालू ठेवा, आणि त्या पानांचा फोटो मला पाठवा. सोमवारी मीटिंग आहे.