दारिएनचे जंगल सायकलसह ओलांडलेच पाहिजे का?

मंदगती : अलास्कातील प्रुडो बे ते अर्जेंटिनातील उशुआया हा सुमारे ३०,००० किलोमीटरचा मार्ग एकाच ठिकाणी तुटतो. पनामातील याविसा येथे पॅन-अमेरिकन महामार्ग संपतो आणि कोलंबियात तो पुन्हा सुरू होईपर्यंत मध्ये जवळजवळ १०० किलोमीटर दारिएनचे जंगल व आत्रातो नदीची दलदल पसरलेली आहे. हा टप्पा नावेने किंवा विमानाने ओलांडणाऱ्या सायकलस्वाराचा प्रवास अपुरा ठरवण्याचा हट्ट आता सोडावा, असे माझे मत आहे. तिथे सायकल चालवता येत नाही, ती वाहून न्यावी लागते. सामान दोन खेपांत न्यायचे तर प्रत्येक किलोमीटर तीनदा तुडवावा लागतो, आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये चिखल घट्ट बसला की सायकल ढकलणेही अशक्य होते. नर्मदेच्या मुखापाशी परिक्रमावासी नावेतून पलीकडे जातात, म्हणून त्यांची परिक्रमा कोणी खंडित मानत नाही.

रानवाट : दाखला सुंदर असला तरी इथे लागू पडत नाही, कारण ती नाव परिक्रमेच्या नियमांतच बसते. पनामातून सान ब्लास बेटांमार्गे कोलंबियातील कार्ताहेना बंदराला जाणारी शिडाची नौका ही निव्वळ सोय आहे (आणि वर सहलही). इयान हिबेल या इंग्रज सायकलस्वाराने १९७० च्या दशकाच्या आरंभी दक्षिणेकडून येताना सायकलसह आत्रातोची दलदल पार केली होती. १९७२ मध्ये ब्रिटिश मोहिमेने तर याच जंगलातून रेंज रोव्हर गाड्या बाहेर काढल्या. त्यासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट वेगळी. ज्याला नौकेने जायचे त्याने खुशाल जावे, मात्र संपूर्ण खंड स्वतःच्या बळावर पार केल्याचा दावा करू नये.

भूगोलवेडा : हिबेलच्या काळचे दारिएन आता राहिलेले नाही. एकट्या २०२३ मध्ये पाच लाखांहून अधिक स्थलांतरितांनी हे जंगल पायी ओलांडले, आणि त्यांतील अनेकांच्या वाट्याला लूटमार, लैंगिक अत्याचार व पुरात वाहून जाणे आले. त्या वाटांवर सशस्त्र टोळ्यांची सत्ता चालते. ज्यांना दुसरा मार्गच नव्हता त्यांच्या वाटेवर, खिशात पासपोर्ट आणि परतीचे पैसे असलेल्या माणसाने विक्रमासाठी उतरावे, हे मला अशोभनीय वाटते. शिवाय रस्ता तिथे निव्वळ दुर्लक्षामुळे थांबलेला नाही. दक्षिण अमेरिकेतील गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग उत्तरेकडे पसरू नये, हे त्यामागचे एक मोठे कारण होते, आणि १९८१ पासून दारिएन राष्ट्रीय उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

रानवाट : अशोभनीय म्हणालात, ते मान्य. परंतु धोक्याचा मुद्दा मला पटत नाही. दलदलीतून सुखरूप निघालेला हिबेल २००८ मध्ये ग्रीसमध्ये डांबरी रस्त्यावर वाहनाच्या धडकेने गेला.

पाणथळ : या वादात सायकल चालवण्याचा विषयच मागे पडला आहे. जंगलाचीच कसोटी हवी असेल, तर ब्राझीलचा मानाउस ते पोर्तो व्हेल्यो हा सुमारे ८८५ किलोमीटरचा बीआर-३१९ महामार्ग पाहावा. १९७० च्या दशकात बांधलेला हा रस्ता देखभालीअभावी दहा-बारा वर्षांतच उखडला, आणि आज मधले सुमारे ४०० किलोमीटर कच्चे आहेत. पावसाळ्यात तिथे ट्रकही रुततात, पण जुलै ते ऑक्टोबरमध्ये लाकडी पुलांवरून आणि लाल धुळीतून खरोखर पायडल मारत जाता येते. मुक्काम बहुधा दूरसंचार मनोऱ्यांच्या आवारात करावा लागतो, कारण वस्त्या फार विरळ आहेत.

मंदगती : बीआर-३१९ ची सूचना मोलाची आहे. रानवाट, हिबेलच्या मृत्यूवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. रस्त्यावरच्या अपघाताची जोखीम सायकलस्वार मुख्यतः स्वतःपुरती घेतो. दारिएनमध्ये त्याचा पाय मोडला, तर त्याला लाकडी होडीतून बाहेर काढण्याची जबाबदारी तिथल्या एम्बेरा या आदिवासी जमातीच्या नावाड्यांवर किंवा पनामाच्या सीमा पोलिसांवर पडते, आणि त्यांना या विक्रमाशी काहीही देणेघेणे नसते.