तळं आणि ओढ्यासाठी पंप कुठला घ्यावा?

रानझरा
नमस्कार मंडळी. मुळशीकडे आमच्या जागेत बागेतलं तळं खोदून झालंय. 9 मीटर लांब, 5 मीटर रुंद, सरासरी खोली 3 फूट, म्हणजे साधारण 40 हजार लिटर पाणी. जागेला उतार आहे, त्यामुळे वरून 14 मीटरचा वळणदार ओढा तळ्यात सोडायचाय. ओढ्याचं तोंड तळ्याच्या पाण्यापासून 1.8 मीटर उंच, तिथला धबधबा अर्धा मीटर रुंद. थोडे कोई मासे सोडणार आहोत, कडेला कुमुदिनी. इलेक्ट्रिशियन म्हणतो, एक एचपीचा मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र असलेला, जमिनीवर बसणारा) बसवा, सगळं भागेल. दुकानदार बोअरचा सबमर्सिबल दाखवतोय. काय घ्यावं?

नारायणगावकर
दोन्ही नकोत. बोअरचा पंप थोडं पाणी खूप उंच चढवण्यासाठी असतो, तुम्हाला नेमकं उलटं हवंय. शिवाय काही बोअर मोटरींत तेल भरलेलं असतं. सील गेलं की तवंग तळ्यावर आणि मासे धोक्यात.

मोनोब्लॉकही बहुतेक 15-20 मीटर हेडसाठी बनवलेला असतो. (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची अधिक पाइपातल्या घर्षणाचा भार, मीटरमध्ये.) दोन-तीन मीटर हेडवर मोकळा सोडला की तो जास्त पाणी ओढतो, अँपिअर वाढतात, वाइंडिंग तापतं. मग लोक व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवतात, म्हणजे विकत घेतलेली वीज व्हॉल्व्हमध्येच जिरवायची.

एचपी विसरा. किती लिटर आणि किती हेड, एवढंच ठरवा. धबधब्याच्या दर सेंटिमीटर रुंदीला ताशी 150 लिटर धरलं तर पातळ पडदा पडतो. तुमच्या 50 सेंटिमीटरला 7,500 लिटर झाले. खळाळ ऐकू यायला हवा असेल तर दुप्पट, म्हणजे 15,000.

आता पाइप. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. ताशी 15,000 लिटर 20 मीटर पाइपातून न्यायचं तर 50 मिमी पाइपात घर्षणानेच सुमारे 3 मीटर हेड खर्ची पडतं, 63 मध्ये सुमारे 1 मीटर, 75 मध्ये अर्ध्या मीटरहून कमी. म्हणून 75 मिमीचा, अडीच इंची शेतीचा पीव्हीसी पाइप घ्या. काटकोनी एल्बो टाळा, लांब वळणाचे बेंड लावा. उंची, घर्षण, बेंड धरून तुमचं हेड अडीच मीटरच्या आसपास बसेल. दुकानात विचारायचं ते असं : 'अडीच मीटरला ताशी 15,000 लिटर देणारा कुठला, त्याचा कर्व्ह दाखवा.' कर्व्ह म्हणजे किती हेडला किती पाणी मिळतं त्याचा आलेख. खोक्यावरचा मोठा आकडा शून्य हेडचा असतो, त्यावर जाऊ नका.

चांगला तळ्याचा पंप एवढं काम 300 वॅटच्या आसपास करतो. दिवसरात्र चालला तर रोज साधारण 7 युनिट. एक एचपीचा मोनोब्लॉक तासाला एक युनिटच्या आसपास खातो, हिशेब तुम्हीच करा.

कमळवेडी
माझा आग्रह एकच : ओढा आणि माशांसाठी पाणी स्वच्छ ठेवणारा फिल्टर यांना वेगळे पंप घ्या. फिल्टरमधले जिवाणू वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. फिल्टर बरेच तास बंद राहिला तर ते मरतात आणि माशांचा अमोनिया पाण्यातच साठतो. तो पंप चोवीस तास चालायलाच हवा. तीन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरेल असा, म्हणजे ताशी 13-14 हजार लिटरचा. ओढ्याचा पंप तुम्ही तिथे असाल तेव्हाच लावा. एप्रिल-मे मध्ये वाहत्या ओढ्यातून बाष्पीभवन बरंच होतं, रिकाम्या घरासाठी ते पाणी का घालवायचं?

कुमुदिनीला वाहतं पाणी आणि पानांवर उडणारे शिंतोडे मानवत नाहीत. तिच्या कुंड्या धबधब्यापासून लांब, संथ कोपऱ्यात ठेवा.

नारायणगावकर
ताईंशी शंभर टक्के सहमत. शिवाय एक पंप बिघडला तरी दुसरा पाणी हलतं ठेवतो, मासे वाचतात.

सह्याद्रीवीजवाला
पंप पाण्यात असणार, तेव्हा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग याला पर्याय नाही. नुसता एमसीबी (जादा भार किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही. वायरचा जोड पाण्याखाली ठेवू नका. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळते, म्हणून फिल्टरचा पंप घरगुती सिंगल फेजवर घ्या आणि त्याला इन्व्हर्टर द्या.

रानझरा
मनापासून आभार सगळ्यांचे. दोन पंप आणि 75 मिमी पाइप नक्की. ओढ्याचा पंप तळ्याच्या तळाशी ठेवायचा ना?

नारायणगावकर
नाही, तळापासून फूटभर वर, विटांच्या ओट्यावर, जाळीच्या पिंजऱ्यात. गाळ कमी ओढला जातो. आणि ओढ्याखाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद कुठे फाटला, पाणी बाहेर जायला लागलं, तरी पंप उघडा पडल्यावर फूटभर पाणी माशांसाठी उरतं. त्यासाठी फ्लोट स्विचही (पाणी उतरलं की पंप बंद करणारा) लावा, पंप कोरडा फिरणार नाही. जागा धबधब्याच्या अगदी समोरच्या टोकाला, म्हणजे पाणी सगळं तळं ओलांडून येईल. ओढ्याखाली शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद चालेल, पण दगड रचण्याआधी खाली-वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे जाड संरक्षक कापड घाला. तुमच्याकडच्या मुरमात टोकदार खडे फार असतात.

कमळवेडी
ओढ्याचा पाइप वरच्या टोकाला पाण्यात बुडवू नका, तोंड पाण्याच्या वर ठेवा. नाहीतर पंप बंद केल्यावर वरच्या डबक्यातलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं. पाइप बुडालेलाच ठेवायचा असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, पण त्याचंही थोडं हेड धरा.