टाळू तोंडातली की डोक्यावरची?

प्रश्न:
‘जीभ टाळूला लागली’ असे म्हणताना तोंडाचे छत अभिप्रेत असते, आणि तान्ह्या बाळाची ‘टाळू अजून भरलेली नाही’ असे म्हणताना डोक्यावरचा मऊ भाग. हे दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत, की एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत? शब्द एकच असेल, तर मूळ अर्थ कोणता?

प्रतिसाद १:
शब्द एकच आहे. संस्कृतातील नपुंसकलिंगी ‘तालु’ म्हणजे तोंडाचे छत. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ होणे मराठीत नेहमीचेच आहे (फल–फळ, काल–काळ). ‘त’चा ‘ट’ होणे तितके नियमित नाही. तरी ‘ताल’पासून वाजवायचा ‘टाळ’ झाला, तेथेही हेच दोन्ही बदल दिसतात. हिंदीने मात्र ‘तालू’मध्ये मूळचा ‘त’ राखला. तेव्हा मूळ अर्थ तोंडातलाच. ‘मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ यातली टाळू अर्थातच डोक्यावरची.

प्रतिसाद २:
हा अर्थ वर कसा चढला असावा, याचा एक दुवा वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात सापडतो. तेथे ‘तालुकंटक’ नावाचा बालरोग सांगितला आहे. बिघाड तोंडातल्या टाळूच्या मांसात होतो, पण त्यामुळे डोक्यावर तालुप्रदेशी खळगा पडतो, असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे आतले छत आणि त्याच्या वर येणारी माथ्याची जागा ही एकाच प्रदेशाची दोन अंगे मानली गेली होती. मला अधिक गमतीचा वाटतो तो ‘मूर्धा’ हा शब्द, कारण त्याने नेमका उलटा प्रवास केला: त्याचा अर्थ मस्तक, परंतु व्याकरणकारांनी तो तोंडाच्या छताच्या उंच भागाला लावला आणि ट, ठ, ड, ढ, ण हे वर्ण ‘मूर्धन्य’ ठरले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग ‘तालव्य’ म्हणवला जाणारा ‘च’वर्ग मराठीत खरोखर टाळूवरूनच उच्चारला जातो का?

प्रतिसाद २:
नेहमी नाही. ‘जग’ म्हणजे विश्व, यातला ‘ज’ तालव्य आहे. ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’, यात मात्र जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते, म्हणून त्या उच्चाराला ‘दंततालव्य’ म्हणतात. लिहिताना दोन्ही सारखेच, त्यामुळे संदर्भ पाहूनच वाचावे लागते.